निरोप सांगणारी किनुयो

ओसाकातल्या आमच्या गॉथिक मेटल बँडमध्ये किनुयो हमाजी कीबोर्ड वाजवायची आणि मी ड्रम. दिवसा ती दाताच्या दवाखान्यात नोकरी करायची. बँडमधून कोणाला काढायचं ठरलं की ते सांगायचं काम आपसूक तिच्याकडे यायचं, कारण ती न चिडता, न रडता बोलायची. त्या माणसाला ती ओकोनोमियाकी, म्हणजे टेबलातल्याच तव्यावर भाजायचं कोबीचं जाड धिरडं, खायला न्यायची आणि पोट भरल्यावर विषय काढायची. दोन गायिका आणि एक बेसवाला असेच गेले.

मग ज्याने बँड उभा केला, त्या मुरासेचीच पाळी आली. त्याची बोटं आखडायला लागली होती, गिटार मागे पडत होती. नव्या गायिकेने त्याच्याबरोबर गायला साफ नकार दिला. किनुयोने त्याला जेवायला बोलावलं आणि सोबतीला मला ओढलं.

तव्यासमोर बसताच मुरासे म्हणाला, "आज माझा नंबर ना? मग डुकराचं मांस जरा जास्त घालायला सांग."

"आधी खाऊन तरी घे," किनुयो म्हणाली.

"खातो की. पण काय गं, तुला काढायचं ठरलं तर तुला कोण सांगणार?"

किनुयोने हातातलं उलथनं खाली ठेवलं. मग ते माझ्याकडे सरकवलं. शेवटी त्याला काढल्याचं मीच सांगितलं, तेही धड जमलं नाही.

पुढे मुरासेने नव्या गिटारवाल्याला सगळी गाणी बसवून दिली. किनुयो बँडमध्येच राहिली, पण असा निरोप तिने पुन्हा कोणाला सांगितला नाही. ते काम आता गायिका फोनवरच उरकते.