नारळावरची वाटणी

आमच्या घरची वाटणी नारळावर झाली. बाबा आणि त्यांचे दोन भाऊ ग्रामदेवतेच्या देवळात उभे राहिले, गुरवाने गाऱ्हाणं घातलं, नारळ ठेवला आणि कुठल्या बांधापासून कुठल्या आंब्यापर्यंत कोणाचं, ते मानकऱ्यांसमोर ठरलं. त्यानंतर कागद मागणं म्हणजे देवावर संशय घेणं. सातबारा तिघांच्या नावाने सामाईकच राहिला. आणि त्याच घरातला मी, महसूल कचेरीत कारकून! दिवसभर दुसऱ्यांच्या जमिनींचे फेरफार बघायचो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

थोरल्या काकांच्या वाट्याला डोंगरउताराची वरकस जमीन आली. त्यांचा मुलगा लवकर गेला. मागे राहिलेल्या वहिनीने त्या कातळात खड्डे खणून काजूची कलमं लावली आणि पहिली तीन वर्षं डोक्यावरून हंडे नेऊन ती जगवली. झाडं लागती झाल्यावर तिच्या मनात काजूगराचा छोटा कारखाना काढायचं आलं. बँकेत गेली, तर साहेबाने पहिलाच प्रश्न केला, जमीन तुमच्या नावावर आहे का?

ती माझ्याकडे आली. "भावोजी, आमच्या वाट्याचा येक कागद करून द्या ना. तुमच्याच हापिसातलं काम."

काम सोपं होतं. तिन्ही भाऊ तेव्हा हयात होते. एक अर्ज आणि तीन सह्या, बस्स. कोरा अर्ज माझ्या खणातच पडलेला असायचा. मी हसून म्हटलं, "वहिनी, देवाच्या नारळाहून मोठा कागद कुठला?" खरं म्हणजे बाबांसमोर तो अर्ज ठेवायची माझी छाती नव्हती. पण हेही अर्धंच खरं. घरचंच काम, कुठे पळून जातंय, असं धरून मी चाललो होतो. तिने पुन्हा विचारलं तेव्हा शिमग्यानंतर बघू म्हटलं, मग गणपतीनंतर. पुढे तिने विचारणं सोडलं आणि मला, लाज वाटते सांगायला, बरंच वाटलं.

मग तिन्ही म्हातारे पाठोपाठ गेले. वारसांच्या नोंदी झाल्या आणि सातबाऱ्यावर तिघांची बावीस नावं झाली. तोवर मी निवृत्त झालो होतो. आता मात्र तोच अर्ज पिशवीत घालून मी दापोली केली, चिपळूण केलं, मुंबई केली. सगळ्यांनी सह्या दिल्या. अडला तो एकटा धाकट्या काकांचा नातू, गावाला गणपतीपुरता येणारा. मधल्या काळात वहिनीच्या वरकसाला लागून डांबरी रस्ता झाला होता आणि त्या जागेचा भाव त्याच्या कानावर गेला होता. मी त्याला नारळाची सगळी हकिगत सांगितली. त्याने शांतपणे ऐकली.

"काका, त्या वाटपाची नक्कल आहे का तुमच्याकडे?"

रागावणार कुठल्या तोंडाने? नोकरीभर टेबलामागे बसून मी हाच प्रश्न विचारत आलो होतो. एका म्हाताऱ्याने काकुळतीला येऊन देवाची शपथ घेतली, तेव्हा "मग देवालाच घेऊन या साक्षीला" असं मी म्हणालो होतो. सगळी कचेरी हसली होती. मीही हसलो होतो.

नातवाने सही दिली नाही. दावा लावता येतो, पण वहिनीचं आता दावे लढायचं वय नाही. ती शेजारच्या गावातल्या कारखान्यात काजूबिया फोडायला जाते. स्वतःच्या झाडांची बीसुद्धा तिथेच घालते.

हे सगळं सांगायला मी मे महिन्यात तिच्याकडे गेलो. बियांच्या तेलाने तिची बोटं काळी पडली होती. मी कलमं, नियम, अपील असं बरंच काही बोलत राहिलो. ती ऐकत होती. मग अगदी साधेपणाने, टोमणा नाही, तिरकसपणा नाही, तिने विचारलं,

"भावोजी, इतकी वर्सं तुमी हापिसात काय काम करायचात ओ?"

"लोकांची नावं लावायचो," मी म्हटलं. "जमिनीला."

"चांगलं काम हां ते," ती म्हणाली आणि माझ्यासाठी चहा टाकायला उठली.