टिचकी

उड्डाणाआधी उंचीच्या मीटरवर टिचकी मारायची, ही दामलेकाकांची सवय. जुना मीटर, काटा अडकला असेल तर सुटतो. काकांच्या नि माझ्या भागीदारीतल्या म्हाताऱ्या विमानात मी सगळ्या मीटरांचे आकडे दाखवणारा नवा स्क्रीन बसवला. दोन घ्यायला पैसे नव्हते, म्हणून एकच घेतला, माझ्या बाजूला. त्यासाठी काकांच्या बाजूचे चालू मीटर विकले. तिथं आता कोरा पत्रा आहे.

आज काकांनी त्या पत्र्यावरच टिचकी मारली. बद्द आवाज आला.

"काका, उंची आता इकडे दिसते."

"हो, दिसतेय की," म्हणत ते खिडकीबाहेर बघू लागले.

त्यांना स्क्रीनवरचं एवढं बारीक दिसत नाही, हे मला ठाऊक होतं. वर गेल्यावर मी उंची मोठ्यानं वाचत राहिलो. प्रत्येक आकड्याला काका "बरं" म्हणत होते, मुलाच्या घरी राहायला आलेल्या बापासारखं.