गळ्यात अडकवलेलं डफडं

साल २०१९. माझं वय सहासष्ट. उन्हाळा होता, नळावर बायांची रांग होती. तिथंच सावकाराच्या माणसानं माझी मानगूट धरून मले खाली बसवलं. गळ्यात डफडं अडकवलं.

"वाजव, बुढ्या. सांग वस्तीले, मी पैसे बुडवले म्हणून. तुमच्या बापजाद्याचंच काम हाय हे."

सावकार गाडीत बसून, काच खाली करून हसत होता.

कर्ज खरं होतं. बायकोचं ऑपरेशन धंतोलीच्या मोठ्या दवाखान्यात झालं, तवा घेतलेलं. वेल्डिंग करून मुद्दल कधीचंच फेडलं. व्याज मरत नव्हतं. सुटायचे रस्ते घरात रोज तोलत होतो. सावकार म्हणे, घर लिहून दे. जावई म्हणे, फायनान्सचं नवं कर्ज काढून जुनं मिटवा. म्हणजे एका कुत्र्याचा दात काढून दुसऱ्याचा रोवायचा. बायको म्हणे, मशीन विका. मग खायचं काय? वस्तीतली वकील पोरगी म्हणे, बाबाजी, त्याच्याकडे सावकारीचा परवानाच नाही, ठाण्यात चला. मी म्हणे, घेतले तर देऊ. ठाण्यात जाणं इमानी माणसाचं काम नाही.

माझ्या बापानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या वर्षी घरचं डफडं दगडानं फोडलं. पुन्हा कोणाच्या दारात वाजवलं नाही. घरात भाकर नव्हती तवाही नाही. तसंच डफडं आज माझ्या गळ्यात.

"वाजव ना गा." बरगडीत लाथ बसली.

मी उठलो. डफडं काढलं अन् त्याच्या तोंडावर हाणलं. चामडं फाटलं. नाक फुटलं. मग डफड्याच्या नुसत्या कड्यानं हाणलं. त्यानं मले नालीत लोळवलं, दात पाडला. मी त्याचा हात चावला, सोडला नाही. बाया पाण्याचे पितळी गुंड घेऊन धावल्या, तवा तो पळाला. गाडीची काच वर गेली.

संध्याकाळी जावई आला. "मामाजी, घर लिहून द्या. जीव तरी वाचते."

"घर गेल्यावर जीव ठेवू कुठं?"

बायकोनं रक्ताचा शर्ट धुवाले घेतला होता. मी हिसकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच शर्ट घातला. फाटलेलं डफडं ठाण्यातल्या टेबलावर ठेवलं. हवालदार म्हणाला, आपसात मिटवा ना काका.

मी खुर्ची ओढून बसलो.

"लिहा. बिनपरवान्याची सावकारी लिहा. जातीवरून बोलला, तेही लिहा. मी हाणलं, तेही लिहा. लिहून होईस्तोवर मी उठत नाही."