सोमवारची पुडी

आज डी जीवनसत्त्वाची पुडी फोडली, संत्र्याचा वास आला आणि मांडवीतलं आमचं स्वयंपाकघर डोळ्यांपुढे उभं राहिलं. तेव्हा आईची भूकच मेली होती, बांगड्याचं कालवणसुद्धा नको म्हणायची. तपासणीत डी फार कमी निघालं. डॉक्टरांनी आठवड्याला एक पुडी दुधातून घ्यायला सांगितली. भुकेच्या हार्मोनशीही त्याचा काही संबंध असावा, असं कुठेतरी वाचून मी हरखूनच गेले होते. पण दोन महिन्यांनी रिपोर्ट जिथल्या तिथे! विचारलं तर कळलं, आई पुडी घ्यायची सोमवारी, उपासाच्या पोटी. म्हणाली, "माशांवर दूध? येडी झालीस काय गो? आपल्याकडे मासे नसतात ते सोमवारीच." डॉक्टर हसले, "रिकाम्या पोटी हे अंगी लागत नाही. जेवणावर घ्या, पाण्यातून चालेल." मग दर रविवारी जेवणानंतर पुडी, आणि माझी नजर तिच्या ताटावर. एका रविवारी तिने कालवणाचं पातेलं स्वतःच पुढे ओढलं, "भात वाढ गो अजून!" हार्मोनने केलं की कशाने, कोण जाणे, मी आनंदाने माझ्या वाटचा बांगडाही तिच्या ताटात घातला. आता ही पुडी फोडून बसलेय खरी, पण आज सोमवार आहे आणि माझाही उपास.