बाहुलीच्या अंगणातली आरामखुर्ची

आमच्या शेजारच्या अझीम मिस्त्रींनी चाळीस वर्षं जयगडच्या खाडीवर लाकडी होड्या बांधल्या. मग फायबरच्या होड्या आल्या आणि त्यांच्याकडे नुसती डागडुजी उरली. पुढे तीही आटली. मुलगा फुजैल कतारला, मुलगी हुदा लग्न होऊन खेडला. घरात ते आणि त्यांची बायको, जन्नतचाची. सकाळी हत्यारांना धार लावायची आणि परत पेटीत ठेवायची, एवढाच त्यांचा उद्योग राहिला होता.

रत्नागिरीतली मनस्वी बाहुल्यांची लाकडी घरं बनवून ऑनलाइन विकायची. गिऱ्हाइकं विचारू लागली, अंगणात ठेवायला काही आहे का? कुणीतरी तिला मिस्त्रींचं नाव सांगितलं. ती जयगडला आली, बागेतल्या एका बाकाचा फोटो दाखवला आणि म्हणाली, "चाचा, अस्सा बाक हवाय. पण चार बोटं लांबीचा."

मिस्त्रींनी पहिला बाक केला तो लाटांचा मार सोसेल असा. मनस्वीला हसू आलं. "यावर बाहुली बसायचीय, खलाशी नाही."

मग त्यांनी लाकूड पातळ करत नेलं. फणसाच्या लाकडाचे बाक, गोल टेबल, झोपाळा, आरामखुर्ची. हात बसला तसा जीवही रमला. अडचण एकच होती. ते गमने काही चिकटवत नसत. प्रत्येक सांध्याला बांबूच्या काडीची बारीक खुंटी मारत. एका खुर्चीला दोन दिवस लागत.

दिवाळीच्या आधी मनस्वीला तीस संच हवे होते. ती म्हणाली, "चाचा, या वेळी गमने चिकटवा ना. गिऱ्हाईक काही उलटं करून बघत नाही."

"मी बघतो ना," मिस्त्री म्हणाले.

तिने बरंच समजावलं. शेवटी मशीनवर कापून देणारा दुसरा कारागीर गाठला आणि जयगडला येणं बंद केलं. मिस्त्री परत हत्यारांना धार लावत बसू लागले. जेवताना मात्र अर्धी भाकरी ताटात ठेवून उठायचे, हे जन्नतचाचीच्या लक्षात आलं होतं.

जानेवारीत एके दिवशी दारात गाडी थांबली. मनस्वी उतरली, तिच्यामागून संगमेश्वरची तिची गिऱ्हाईक अक्षया आणि अक्षयाची नऊ वर्षांची मुलगी सानवी. सानवीला जन्मापासून दिसत नाही. तिच्या बाहुलीघरातलं मशीनवरचं सामान आठवड्यात मोडलं, कारण ती प्रत्येक वस्तू दाबून, फिरवून पाहायची. टिकला फक्त मिस्त्रींनी केलेला झोपाळा. तो करणाऱ्याला भेटायचं, असा तिने हट्ट धरला होता.

मिस्त्रींनी तिच्या हातात एक आरामखुर्ची ठेवली. तिने पाय चाचपले, हात चाचपले, पाठीच्या पट्ट्या एकेक करून मोजल्या. मिस्त्री तिची बोटं बघत होते. त्यांच्या होड्यासुद्धा कुणी इतका वेळ पाहिल्या नव्हत्या. मग सानवीने खुर्ची उलटी केली.

"खाली खरखरीत आहे," ती म्हणाली.

"सानवी, असं बोलू नये," अक्षया ओशाळली.

मिस्त्रींनी खुर्ची घेऊन अंगठा फिरवला. खरंच खरखरीत होतं. तिथे पॉलिशपेपर लावायचा त्यांनी कंटाळा केला होता. त्यांचा चेहरा उतरला. "बरोबर आहे तिचं," ते मनस्वीकडे न बघता म्हणाले.

"आमच्या आजोबांची खुर्ची मिटते," सानवी म्हणाली. "ही मिटते?"

"ही नाही. पण मिटणारी करून देतो."

त्या खुर्चीला अकरा दिवस लागले. पहिली उघडतानाच मोडली, दुसरी मिटेचना. जन्नतचाचीने खुर्चीच्या बैठकीला चादरीच्या काठाचं कापड तीनदा शिवलं, तीनदा उसवलं. "हुदाच्या लग्नातसुद्धा एवढं शिवलं नव्हतं," ती म्हणाली. पण चौथ्यांदा सुई ओवलीच.

दोघं एसटीने संगमेश्वरला गेले. सानवीने खुर्ची उघडली, तिचं बोट चिमटलं, ती हसली आणि परत उघडली. पाठ मागे टेकायला तीन खाचा होत्या. तिन्ही लावून पाहिल्या. बाहुलीला खुर्चीत निजवून तिने विचारलं, "चाचा, समुद्र कुठल्या बाजूला?"

मिस्त्रींनी उन्हाचा अंदाज घेतला, तिचा हात धरून पश्चिमेकडे केला. तिने खुर्ची तिकडे वळवली.

आता मनस्वी त्यांच्याकडून महिन्याला चारच वस्तू घेते आणि गिऱ्हाइकांना थांबावं लागेल असं आधीच सांगते. लोक थांबतात. कापडाचं काम जन्नतचाचीकडे असतं.

परवा मी त्यांच्याकडे गेलो, तर मिस्त्री सानवीने सांगितलेला विहिरीचा रहाट करत होते. दोरी ओढली की काजूच्या बोंडाएवढी बादली वर यायला हवी होती, ती मध्येच अडकत होती.

"बसा," ते मान वर न करता म्हणाले, "पण थोडा वेळ बोलू नका."