चढणीवरचं बोलणं

हैबतीचा संसार झाला तो बहुतेक चालत्या ट्रकमधून. थट्टा नाही, खरंच सांगतो.

महाडच्या युसुफ शेठनं लढाई संपल्यावर डिस्पोजलमधून, म्हणजे लष्करानं मोडीत काढलेल्या मालातून, एक पेट्रोलचा ट्रक घेतला होता आणि हैबती त्याचा ड्रायव्हर होता. महाडला मीठ, कौलं, रॉकेलचे डबे भरायचे, पोलादपुरात चहा मारायचा आणि कशेडी घाट चढून खेड-चिपळूणला माल टाकायचा. आठवड्याला दोन खेपा व्हायच्या. हैबतीची वाडी त्याच घाटाच्या अंगावर होती, रस्त्यापासून जराशी वर. म्हणजे घर वाटेवर, आणि घरी जायची मात्र सोय नाही. भरलेली गाडी त्या चढणीला थांबवली तर हँडब्रेक तिला धरत नसे आणि पुन्हा उचलताना क्लच जळायचा. उतरताना थांबावं म्हटलं, तर ब्रेक असे की त्यांच्यावर भरवसा ठेवणारा ड्रायव्हर म्हातारा होत नसे. शिमग्याला आणि गणपतीला सुटी मिळे, तेवढंच घर.

त्याच्या बायकोनं, बनुबाईनं, यातूनही वाट काढली होती. खालच्या वळणावर आवाज आला की ती भाकरीचं फडकं घेऊन रस्त्यावर उतरायची. गाडी पहिल्या गिअरात, गाभण म्हशीसारखी, एकेक पाऊल टाकत यायची. परदेशी गाडी ती, स्टिअरिंग डाव्या अंगाला, त्यामुळे ड्रायव्हर रस्त्याच्या कडेलाच बसलेला असे. बनुबाई दाराला हात लावून बरोबरीनं चालायला लागायची. फडकं आत द्यायची आणि तोंड सुरू करायची. खालच्या ओढ्यावरच्या मोरीपासून वरच्या आंब्यापर्यंत दोघांचं बोलणं चाले. आंब्याशी खडी चढण संपे, गाडी वेग घेई, आणि बनुबाई हात काढून घेई. लोक हसायचे. हसोत बापडे, घरात एका चुलीपाशी बसून वर्षानुवर्षं एकमेकांशी न बोलणारी जोडपी त्या लोकांतच होती.

बनुबाईच्या बोलण्याची एक रीत होती. महत्त्वाचं ती आधी कधीच सांगायची नाही. आधी गाय, मग नाचणी, मग शेजारच्या साळूबाईची कोंबडी कुणी पळवली ते, आणि खरं काय ते अगदी आंबा आल्यावर. पहिलं मूल गेलं तेव्हाही तिनं आधी गाईचं सांगितलं होतं. मग कुंपण पडल्याचं सांगितलं. आंब्याशी आल्यावर दाराचा हात न काढता म्हणाली, "अवो, आपला पोर नाय ऱ्हायला." त्या दिवशी ती आंब्याच्या पुढेही थोडी धावत आली होती. हैबतीला तिची ही रीत माहीत होती. तो मधे बोलायचा नाही, वाट बघायचा.

पुढे एका दिवाळीच्या सुमाराला गाडीनं मान टाकली. महाडला अजमल मिस्त्रीनं इंजिन उघडलं आणि क्यामशाफ्ट बाहेर काढला. इंजिनाच्या पोटात फिरणारा हा दांडा. त्याच्यावरचे उंचवटे व्हॉल्व्ह उघडतात नि मिटतात, इंजिनाचा श्वास म्हणाल तर तो त्यांच्या हातात. ते उंचवटे झिजून गुळगुळीत झाले होते. शेजारचा मेनिफोल्ड, म्हणजे कार्बुरेटरातलं पेट्रोल नि हवा सिलिंडरांत नेणारी नळकांडी, तीही तडकली होती.

मिस्त्री मुंबईच्या भंगारबाजारातून दोन दांडे आणि दोन मेनिफोल्ड घेऊन आला. चारही वस्तू गोणपाटावर मांडल्या. युसुफ शेठ म्हणाला, "मला दोन्ही चालतील. चालवायचं हैबतीला आहे, त्यालाच ठरवू द्या."

"ऐक रे हैबती," मिस्त्री म्हणाला. "ह्या दांड्याचे उंचवटे बुटके हायत. ह्याला हा बारीक नळ्यांचा मेनिफोल्ड. धावणार नाय, पन खालच्या खाली ओढ जबर. चढणीला मुंगीच्या पावलानं घेतलीस तरी गाडी कुरकुरायची नाय. आनि हा दुसरा, उंच उंचवट्यांचा. ह्याला हा रुंद मेनिफोल्ड. एकदा फिरायला लागला की गाडी पळंल. ह्याचा त्याला नि त्याचा ह्याला लावायचा नाय, जोडी हाय ती. माझा विचारशील तर घाटाला पहिली जोडी."

हैबतीनं उंच उंचवट्यांचा दांडा हातात घेतला, अंगठ्यानं चाचपून बघितला. "हा घातला तर आठवड्याला खेपा किती होतील, मिस्त्री?"

"तीन. रस्ता बरा असला तर चार पन."

हैबतीच्या मनात एकदम उजेड पडला. दोनाच्या चार खेपा, म्हणजे बनुबाई आठवड्यात दोनदा भेटते ती चारदा भेटणार! त्यानं मनातल्या मनात मांडे भाजायला घेतलेसुद्धा.

"पन ध्यानात ठेव," मिस्त्री म्हणाला. "ही गाडी चढणीला रेंगाळायची नाय. फिरणं कमी झालं की जागेवर मरंल. दुसऱ्या गिअरात ताणूनच काढायला लागंल."

"ताणून काढीन की! हाच घाला."

अरे हैबत्या, खेपा मोजल्यास आणि चढण विसरलास! पण त्याला तरी काय म्हणावं? बायको जास्त वेळा दिसावी म्हणून क्यामशाफ्ट निवडणारा दुसरा ड्रायव्हर त्या रस्त्यावर नसेल.

पहिल्या खेपेला बनुबाई नेहमीसारखी मोरीपाशी उभी होती. गाडी गर्जत आली. ती चालायला लागली, मग भरभर चालायला लागली, मग पदर खोचून धावायला लागली. फडकं तिनं आत फेकलं ते हैबतीच्या मांडीवर पडलं. "अवो, गाय..." एवढंच त्याला मिळालं आणि गाडी आंब्यापलीकडे गेली. आरशात बनुबाई कमरेवर हात ठेवून हसत होती. तोही हसला. होईल सवय, असं त्याला वाटलं.

सवय झाली नाही. त्यानं एकदा गाडी हळू घेऊन बघितली. इंजिन आचके देऊन बंद पडलं, गाडी मागे सरकायला लागली, क्लीनरनं चाकाखाली धोंडा घातला म्हणून निभावलं. तेव्हापासून ताणूनच. मग बनुबाई धावायची सोडून आंब्याखालीच उभी राहू लागली. फडकं द्यायचं आणि एक वाक्य सांगायचं. "गाय व्याली!" पुढच्या खेपेला, "कालवड हाय!" त्याच्या पुढच्या खेपेला, "बांडी हाय, आईवानी!" हैबती पुढचा सगळा रस्ता त्या काळ्या-पांढऱ्या कालवडीत रमून जायचा. बायको वाळत चालली आहे, हे झर्रकन जाणाऱ्या गाडीतून त्याला दिसलं नाही. दिसायला हवं होतं, असं तो पुढे जन्मभर म्हणत राहिला.

माघ सरता सरता एका खेपेला आंब्याखाली कुणी नव्हतं. कामाला गेली असेल, त्यानं मनाची समजूत घातली. पुढच्या खेपेला आंब्याखाली साळूबाई उभी होती. हातात फडकं नव्हतं. तिनं दोन्ही हात वर केले. तरीही गाडी थांबवता येईना. कोसभर पुढे माथ्यावर सपाटी लागली तिथं त्यानं ती कडेला घातली आणि उतारानं धावत सुटला.

अंगणात माणसं जमली होती. बनुबाईला बाहेर आणून ठेवलं होतं. तिचा धाकटा भाऊ चांगू बांबू बांधत होता.

साळूबाईनं हैबतीला गोठ्याच्या आडोशाला नेलं. "लय दिवस रगत जात होतं रे तिचं. मला कळला तवा उशीर झालता. मी म्हनला, भावाला सांगते. तर नाय म्हनली. बायकांचा दुखना, भावाला कसा सांगायचा? धन्याला सांगते, ते नेतील महाडला डाक्टरकडं, म्हनली."

"मग सांगितला का नाय तिनं?"

"जाताना ठरवून जायची. आज आधी त्योच सांगीन, म्हनायची. आनि परत येऊन कपाळावर हात मारायची. म्हनायची, साळूबाय, आज पन गायच निघाली गो तोंडातून."

कालवड हैबतीचा हात चाटायला लागली. ती एवढं सांगायचं मनात भरून उभी राहत होती आणि तिला पुरेल एवढा रस्ता त्यानंच काढून घेतला होता, ते त्याला आता उमगलं आणि जीव नकोसा झाला.

तो अंगणात आला तेव्हा चांगू समोर उभा राहिला. डोळे लाल झाले होते. "दाजी, आक्कानं तुमाला सांगितला होता का नाय?"

सगळी वाडी ऐकत होती. नाही म्हटलं असतं तर ते खरंच होतं, आणि तो सुटलाही असता. पण मग बायका म्हणाल्या असत्या, नवरा असून सांगायला कुणी नव्हतं बिचारीला, मुकीच मेली. ते हैबतीला सोसणार नव्हतं. आपल्याला काय म्हणायचं ते म्हणोत, पण बनुबाई मुकी नव्हती.

"सांगितला होता," तो म्हणाला.

साळूबाईनं तोंड उघडलं. हैबतीनं तिच्याकडे असं बघितलं की ती गप्प झाली.

"आनि तुमी काय केला?"

"गाडी थांबवली नाय."

चांगूनं त्याला खांदा देऊ दिला नाही.