मी बसूनच आहो

बायकोला माझ्या सगळ्या खोडी पाठ आहेत, पण ही गोष्ट तिलाही ठाऊक नाही. तुम्हाला सांगतोय. का सांगतोय — ते मलाच नीट कळलेलं नाही.

आधी दिलीपबद्दल बोलू द्या. त्याच्याबद्दल बोलायला मला आवडतं. चिखलीत आम्ही दोघंही लग्नाचे फोटो काढतो. धंदा एकच, तरी कधी वाकडं आलं नाही. त्याच्यासारखा फोटोग्राफर आमच्या तालुक्यात दुसरा नाही — रुसून बसलेल्या आत्यालाही हा हसवून फोटोत आणतो. स्टँडजवळ गाळा घ्यायचा, स्वतःचा स्टुडिओ टाकायचा, एवढं एकच त्याचं स्वप्न. त्यासाठी साठवलेलं सगळं त्याने शेअरमध्ये घातलं. कुणाच्या भरवशावर? माझ्या.

मला सगळे ‘गुरू’ म्हणायचे. आणि माझं शास्त्र काय, तर जो शेअर पळतोय त्यात चढायचं, त्याला दम लागला की उतरायचं. आयटीचे शेअर पळत होते तोवर मी खरंच शहाणा दिसत होतो! आमच्याकडे जीप लवकर भरावी म्हणून ड्रायव्हर आपलीच दोन-तीन माणसं आत बसवून ठेवतो. ती बघून आपण चढतो, आणि गाडी भरली की ती गुपचूप उतरतात. बाजारही तसाच — कोण बसलंय ते बघून लोक बसतात. हे दिलीपला मीच शिकवलं होतं.

मग हाकाटी उठली, एआय आलं, आता या कंपन्यांचं काही खरं नाही. पडझड सुरू झाली. एका सकाळी बाजार उघडताच मी माझे सगळे शेअर विकून टाकले. दुपारी दिलीपचा मेसेज आला, “गुरू, काय करू बे? निघू का?”

मी लिहिलं, “मी बसूनच आहो. घाबरू नको.”

का लिहिलं? गुरूच आधी पळाला, हे सांगायची लाज वाटली — बस, एवढंच. दिलीप बसून राहिला. भाव खाली खाली जात राहिले, आणि गाळा दुसऱ्याच कुणी घेतला.

त्यानंतर तो घरी आला. मला वाटलं, आता शिव्या घालणार. तर हा पठ्ठ्या माझंच सांत्वन करायला आलेला! “तू खुद बुडून राह्यला होता, तरी मले धीर देत होता,” म्हणाला. “तुह्यं तं माह्याहून जास्त गेलं असंन. यंदाच्या माह्या मोठ्या ऑर्डरी तू कर. मी लाइट धरतो.”

नाही म्हणायचं तर खरं सांगावं लागलं असतं. मी ऑर्डरी घेतल्या.

आणि तो खरंच आला हो! अख्खी लग्नसराई माझ्यामागे लाइट धरून उभा राहिला. इतक्या मोठ्या मनाचा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. माझा अँगल चुकला की कुणाला कळू न देता लाइट सरकवायचा, नि माझा फोटो सुधारायचा. देऊळगाव राजाच्या एका लग्नात त्याने नवरीच्या वडिलांपुढे माझ्या खांद्यावर हात ठेवला. “काका, याच्यावर डोळे झाकून भरोसा ठेवा,” म्हणाला. “हा मानूस दोस्ताले सोडून जात नाही.”

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि सगळ्यांना हसायला सांगितलं.